चार दिवसांची किल्ली

एक भाडेकरू घर सोडून जातो आणि दुसरा अजून यायचा असतो. त्या मधल्या दिवसांवर माझं पोट चालतं. घरमालक किल्ली माझ्या हातात देतो, मी माझ्याकडे कामाला असलेल्या बायकांपैकी एकीला पाठवते आणि ती घर घासून-पुसून लख्ख करते. शेवटी मी जाते, काय तुटलंय, काय फुटलंय याची यादी करते आणि यादीसकट किल्ली परत देते. बावीस वर्षं हेच करतेय. लोक मागे काय काय टाकून जातात ते सांगायला बसले तर तुम्हाला आज जेवण जाणार नाही.

माझ्याकडे सहा बायका आहेत. त्यातल्या एकीला बाकीच्या भिंगरी म्हणतात, कारण पायाला भिंगरी लावल्यासारखी ती सारखी हलत असते. चहाला बसवलं तरी कप घेऊन दारात उभी. बोलणार माझ्याशी आणि डोळे रस्त्यावर. मला याचा भयंकर राग यायचा. "अगं, बस की जरा, गाडी सुटतेय का तुझी?" मी म्हणायचे. "बसते ना काकू," असं म्हणून ती उभीच राहायची.

कामाला मात्र वाघीण. ज्या स्वयंपाकघरात भिंतीला हात लावला तर चिकटेल, जिथल्या मोरीकडे बघून बाकीच्या नाकाला पदर लावतात, असं घर ती मागून घ्यायची. आणि पैसे कधी वाढवून मागितले नाहीत. मागायची ते दिवस. "घर फार घाण आहे काकू, तीन दिवसांत नाही व्हायचं. पाच द्या." वर्षभर मी स्वतःला नशीबवान समजत होते. पाच दिवसांनी यादी करायला जावं तर नळाच्या तोटीतसुद्धा तोंड दिसावं असं काम!

मग एका मालकाचा फोन आला. नवा भाडेकरू सामान टेम्पोत भरून बसलाय आणि तुमची बाई अजून आतच. दोन खोल्यांना पाच दिवस लागतात का हो, राजवाडा आहे का हा? माझं डोकं सटकलं. बावीस वर्षांत माझ्याबद्दल कोणी ब्र काढला नव्हता. दुपारचे साडेतीन झाले होते. तिला न कळवता मी सरळ तिथे गेले आणि घंटा वाजवली.

आत काहीतरी खुडबुडत होतं, ते थांबलं. मग काहीच नाही. मी पुन्हा घंटा वाजवली. "मी आहे, काकू. उघड!" दार चार बोटं उघडलं, त्यातून एक डोळा दिसला, मग पूर्ण उघडलं.

घर कधीचंच चकाचक झालेलं होतं. फरशी वाळून गेली होती, बादल्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या. दिवाणखान्यात पसरलेल्या वर्तमानपत्रावर आठेक वर्षांची एक मुलगी पालथी पडून गणितं सोडवत होती. शाळेचा धुतलेला फ्रॉक खिडकीच्या आतल्या बाजूला वाळत घातला होता, बाहेरून दिसू नये म्हणून. ओट्यावर पावाचं पाकीट आणि दोन केळी. मुलीने माझ्याकडे बघितलं, वही मिटली, पेन्सिल-खोडरबर दप्तरात भरलं, बूट घातले आणि दाराशी जाऊन उभी राहिली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. मला रागाच्या भरात तेवढं दिसलं, पण तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"हे किती दिवस चाललंय?"

"चौदा महिने," भिंगरी म्हणाली.

"म्हणजे माझ्या सगळ्या घरांत तू राहिलीस?"

"सगळ्या नाही. जिथे पाणी तोडलेलं असतं तिथे नाही."

मी कपाळावर हात मारला. "आणि मधे काम नसलं की?"

"भावाकडे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी वहिनी भांडी जोरात आपटायला लागते. मग एका मैत्रिणीकडे. बायकांच्या एका संस्थेत होतो, तिथे तीनच महिने ठेवतात. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसता येतं. तिथे बाई मुलीला घेऊन बसली तर कोणी काही विचारत नाही."

तिने डावा हात पुढे केला. कोपरातून तो सरळ होत नव्हता. वर्षभर त्या हाताने ती माझ्या भिंती पुसत होती आणि मला वाटत होतं तिची पुसायची पद्धतच तशी आहे. "नवरा सगळ्यांशी चांगला वागतो," ती म्हणाली. "मी सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. खाली त्याची गाडी वाजली की ही उठायची आणि टीव्हीचा आवाज मोठा करायची. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. सात वर्षांची होती. मी नव्हतं शिकवलं तिला. ते कळलं त्या दिवशी निघाले."

आता मी काय बोलले ते सांगते. लाज वाटते, पण सांगते. मी म्हणाले, "सोसायचं जरा. आम्ही नाही का काढले दिवस? निदान डोक्यावर छप्पर तरी होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. पहिल्यांदाच डोळे कुठे पळाले नाहीत. "काढलेत ना," ती म्हणाली, "मग तुम्हाला माहीतच आहे."

मी तिच्यावर ओरडून बाहेर पडले. सकाळी किल्ली आणून दे, म्हणाले. पण पुढचे दोन दिवस माझं कशात लक्ष लागेना. आमटीत मीठ दोनदा पडलं, एका मालकाला दुसऱ्याची किल्ली दिली. माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि त्यात मी एकटी राहते. मुलगा त्याच्या संसारात, दुसऱ्या गावी. ही दुसरी खोली माझ्या डोक्यात आली नाही असं नाही. आली, आणि मी तो विचार हाकलून दिला. नवरा गेल्यावर, नऊ वर्षांपूर्वी, माझ्या घरात शांतता आली होती. ती मला कोणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती. त्यापेक्षा हिला खोली बघून देऊ, म्हटलं. घरांच्याच तर धंद्यात आहे मी.

तिला बोलावलं. तेव्हा कळलं की खोली नुसती झोपायला नको होती. मुलगी कोणाकडे राहणार याचा खटला चालू होता. गेल्या तारखेला न्यायाधीशांनी तिला विचारलं, राहता कुठे? ती गप्प. नवऱ्याचा वकील म्हणाला, साहेब, पोरीला घेऊन दारोदार फिरते ही. पुढची तारीख पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला होती. तोपर्यंत राहण्याचा पत्ता दिला नाही तर मुलगी बापाकडे जाणार होती. हे सगळं तिने उभ्याउभ्याच सांगितलं.

अकरा खोल्या बघितल्या आम्ही. अकरा! ज्यांच्या घरांच्या किल्ल्या मी वर्षानुवर्षं सांभाळल्या, ज्यांची संडासं माझ्या बायकांनी घासली, ते लोक मला विचारत होते, "मिस्टर काय करतात?" वेगळे राहतात म्हटलं की चेहरा पडायचा. एका बाईने मला समजावलं, "काकू, घरात पुरुष माणूस लागतो हो, सुरक्षित वाटतं." मी म्हणाले, "पुरुष माणसापासूनच सुटून आलीय ती." झालं, बाईंनी दार लावून घेतलं. एक मालक फारच प्रेमाने बोलत होता, भाडंसुद्धा आपणहून कमी करत होता. भिंगरीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "काकू, चला." माझ्यापेक्षा तिला जास्त कळत होतं.

बारावी खोली मिळाली. मालक निवृत्त मास्तर, खालच्या मजल्यावर राहणारे. वर एक खोली, मोरी आणि कपडे वाळवायला गॅलरी. मधे एक जाडा एजंट होता, तो माझ्या चांगल्या ओळखीचा. मास्तर म्हणाले, "मला बाकी काही नको, फक्त शांतता हवी." आम्ही म्हटलं, आम्हालाही तेच हवंय.

एजंटाने फॉर्म दिला. भिंगरीचं अक्षर बरं नाही, म्हणून मी भरायला घेतला. नाव, काम, मुलीची शाळा. मग रकाना आला, पूर्वीचा पत्ता आणि तिथला फोन. भिंगरी म्हणाली, "ते राहू द्या, काकू." मी हो म्हटलं. तिला मुलीच्या शाळेत जायची घाई होती, ती सही करून गेली. आणि मी त्या मोकळ्या रकान्याकडे बघत बसले.

मी बावीस वर्षं याद्या करतेय. माझ्या यादीत रकाना मोकळा नसतो. मोकळा रकाना दिसला की मालकाला संशय येतो, हे मीच माझ्या बायकांना शिकवलंय. ती कामाला लागली तेव्हाची ओळखपत्राची झेरॉक्स माझ्या फाइलमध्ये होती, त्यावर पत्ता होता, मागे तिने लिहिलेला तिच्या तेव्हाच्या घरचा नंबर होता. मी चष्मा लावला आणि दोन्ही स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं. काम नीट केल्याचं समाधानसुद्धा वाटलं मला. मूर्ख बाई!

सहा दिवस ती त्या खोलीत राहिली. मी तिसऱ्या दिवशी बघायला गेले. मास्तरांना विचारून तिने भिंतीत एक खिळा ठोकला होता. फ्रॉक बाहेर, गॅलरीत, सगळ्यांना दिसेल असा वाळत होता. आणि भिंगरी भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. तिने मला बसल्याबसल्या चहा दिला. घरी जाताना मी एकटीच हसत होते.

रविवारी सकाळी दहाला फोन आला. ती अगदी हळू बोलत होती. "काकू, तो आलाय." मागे दारावर धाडधाड आवाज येत होते.

मी घरातल्या चपलांवरच पळाले. पोचले तेव्हा जिन्यात सगळे शेजारी उभे होते आणि वर दाराशी तो. इस्त्रीचा शर्ट, हातात सफरचंदांची पिशवी. दाराच्या खालच्या फळीवर बुटांचे ठसे. मला बघून त्याने पिशवी एका हातात घेतली आणि नमस्कार केला. "तुम्हीच काकू ना? तुमचे फार उपकार आहेत. माझ्या माणसांना सांभाळलंत." आवाज असा की लग्नात पाहुण्यांचं स्वागत करावं. शेजारणींपैकी एक लगेच कुजबुजली, माणूस तर चांगला दिसतोय. मला त्याच्यापेक्षा तिच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

मास्तर वर आले, पोलिसांना बोलावतो म्हणाले. तो शांतपणे बाजूला झाला. "बोलवायची गरज नाही, सर. निघतोच मी." पायऱ्या उतरताना थांबून बंद दाराकडे बघत म्हणाला, "खोली छान आहे. येत जाईन."

तो गेल्यावर भिंगरीने कडी काढली. मुलीने दोन्ही हातांनी मोरीची बादली धरून ठेवली होती. का, ते तिलाही माहीत नव्हतं.

मास्तर दारात उभे राहून स्वतःच्या चपलांकडे बघत होते. "मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण हे असं इथे चालणार नाही. आज संध्याकाळपर्यंत दुसरीकडे बघा. मी सगळे पैसे परत करतो."

"मास्तर, दार कोणी लाथाडलं?" मी विचारलं.

"त्याने."

"मग घर हिने का सोडायचं?"

"तो इथे राहत नाही ना," मास्तर म्हणाले. "त्याला कसं काढणार मी?"

त्यांना खरंच प्रश्न पडला होता. वाईट माणूस नव्हता तो. मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा उपयोगही झाला नाही.

भिंगरी सामान बांधायला लागली. मी खाली जाऊन एजंटाला फोन लावला आणि त्याच्यावर तुटून पडले. पत्ता कोणी दिला याला? तो बिचारा गांगरला. "मी नेहमीसारखी चौकशी केली, काकू. जुन्या ठिकाणी फोन करतोच ना आपण. बाई कशा आहेत, घर कसं ठेवतात. ते म्हणाले, फार छान ठेवतात. मग म्हणाले, आता कुठे राहायला जाणार? मी बिल्डिंग सांगितली. मला वाटलं, जुने मालक आहेत." मग म्हणाला, "नंबर फॉर्मवर होता. तुमचंच अक्षर."

मी वर आले आणि तिला सांगितलं. सरळ सांगितलं, आडवळण घेतलं नाही. त्याला नंबर मी दिला. तू नको म्हणाली होतीस, तरी मी लिहिला.

ती गोधडीची घडी घालत होती. "मला वाटलंच होतं," म्हणाली.

"शिव्या दे की मला!"

"शिव्या द्यायला वेळ कुठाय, काकू? बारा तारखेला नऊ दिवस राहिलेत. ते टोक धरा जरा."

मी टोक धरलं. घडी घालता घालता म्हणाले, "माझ्याकडे चल. माझा पत्ता लिही कोर्टात." माझा आवाज माझा मलाच चिडल्यासारखा वाटला. बहुतेक मी स्वतःवरच चिडले होते, तिचं कळलं त्या दुपारीच म्हणायला हवं होतं ते आज म्हणतेय म्हणून.

ती थांबली. "पत्ता लिहिला की त्यालाही कळणार. कोर्टातून त्याच्या वकिलाला कागद जातो."

"आणि नाही लिहिला तर?"

"मुलगी जाणार."

आम्ही दोघी गोधडी धरून उभ्या होतो. मग तिने विचारलं, "तुमच्याकडे दाराला आतून कडी आहे ना? मजबूत?"

"पुढच्या दाराला आहे."

"आणि आतल्या खोलीच्या? तो पुढचं दार तोडेपर्यंत आत जाता आलं पाहिजे."

मी गोधडीचं टोक तिच्या हातात दिलं.

घरी आल्यावर तिने पहिल्यांदा आतल्या खोलीचं दार बघितलं. मुलीने तर बोटच लावलं. दाराच्या लाकडात चार भोकं होती, कडेने फाटलेली, त्यावर दोन-तीन वेळा रंग बसलेला. "आजी, इथे कडी होती का?" तिने विचारलं.

"होती."

"मग कोणी काढली?"

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी एका दुपारी मी या खोलीत जाऊन कडी लावली होती. एकच दुपार. त्याने बाहेरून दार फोडून ती कडी लाकडासकट उपटली आणि म्हणाला, या घरात दारं लावायची नाहीत. त्यानंतर तेवीस वर्षं मी या घरात दार लावलं नाही. तो जाऊन नऊ वर्षं झाली. या काळात मी शेकडो घरांत फिरले, प्रत्येक निखळलेली कडी, प्रत्येक सैल बिजागरी लिहून काढली आणि मालकांकडून बसवून घेतली. रोज रात्री या भोकांशेजारी झोपले. मला ती दिसली नाहीत.

"माझ्या नवऱ्याने," मी मुलीला म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. मुलाजवळसुद्धा कधी बोलले नव्हते.

मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली. दुकानदाराने छोटी काढली, मी म्हणाले सगळ्यात जाड दे. त्याने विचारलं, दुकानासाठी का? मी म्हणाले, नाही, घरासाठी. भिंगरीने तिच्या पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. जुन्या भोकांत स्क्रू धरेनात, नुसते फिरत होते. मग तिने बोटाने चाचपून चांगलं लाकूड शोधलं आणि चार बोटं वर कडी बसवली. वाकडा हात दारावर दाबून, दुसऱ्याने पिळत. कपाळावरून घाम गळत होता, पण ती मला हात लावू देईना.

झाल्यावर मुलीला घेऊन आत गेली आणि दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज आला. मी बाहेर उभी.

"काकू, ढकला," आतून ती म्हणाली.

मी हाताने ढकललं.

"असं नाही. तो ढकलेल तसं ढकला."

कसं ते मला चांगलं माहीत होतं. मी दोन पावलं मागे गेले, पदर खोचला आणि खांद्याने दारावर धडक दिली. मग पुन्हा. मग पुन्हा. खांदा ठणकायला लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मी थांबले नाही. दार हललं, कडकडलं, पण जागेवरच राहिलं.

"काकू?"

मी दाराला कपाळ टेकलं. "नाही उघडत," मी म्हणाले. "नाही उघडत गं."